साध्या मजकुरातील खुणा : मोडी पत्रापासून मार्कडाउनपर्यंत

कोरपना व त्याच्या भोवतालचा मुलूख हा कागदपत्रांच्या दृष्टीने इतिहाससंशोधकास काहीसा अडचणीचा आहे. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा भाग पूर्वी राजुरा तालुक्यात मोडत असे, आणि राजुरा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. त्यामुळे येथील जुने महसुली कागद उर्दूत, तर नदीपलीकडे चांद्याकडील भोसलेकालीन कागद मोडीत, आणि ज्या लोकांविषयी हे कागद आहेत त्यांच्या घरी बोली मराठी, गोंडी, कोलामी किंवा तेलुगू, असा प्रकार आहे. ह्या कागदांचे वाचन हा स्वतंत्र विषय होय. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो वाचनानंतरच्या पायरीचा : वाचलेला मजकूर उतरून घ्यावयाचा तो कोणत्या रूपात, आणि मथळा, परिच्छेद, पुसट अक्षर, खाडाखोड इत्यादी गोष्टी त्यात कोणत्या खुणांनी दाखवावयाच्या?

हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही हे प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी अनुभवाने कळले. ह्याच भागातील गावांची माहिती १९९० च्या दशकात एका संस्थेने संगणकावर टंकित करून ठेवली होती. संस्थेचे नाव सांगण्यात काही हशील नाही. फाइल मिळाली, उघडलीही. परंतु पडद्यावर जे उमटले ते इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे निरर्थक जाळे होते. त्या काळच्या बहुतेक देवनागरी फाँटांत मराठी अक्षरांच्या आकृती इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. तो विशिष्ट फाँट नसला की मजकूरही नसे. दीडशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र भिंग घेऊन वाचता येते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

ह्या हानीचे दोन भाग पडतात व ते वेगळे ठेवणे अवश्य आहे. पहिली हानी अक्षरांची. तिच्यावर १९९१ सालच्या भारतीय मानकाने, म्हणजे इस्कीने, व त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने उपाय दिला. प्रत्येक अक्षरास फाँटनिरपेक्ष क्रमांक मिळाला. दुसरी हानी खुणांची. कोणता शब्द ठळक होता, कोणती ओळ मथळा होती, टीप कोठे जोडली होती, ही माहिती लेखनप्रणाली स्वतःच्या गुप्त संकेतांत साठवीत असे, आणि प्रणाली गेली की संकेतही जात. अक्षरे वाचविण्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. खुणांची फारशी झालेली नाही.

लिखाणातील खुणा मूलतः दोन जातींच्या असतात. काही खुणा वाचकासाठी असतात, तर काही पुढच्या कारागिरासाठी, मग तो नकलनवीस असो, जुळारी असो की यंत्र असो. जुन्या पोथ्यांत दोन्ही आढळतात. अध्यायसमाप्तीची ओळ किंवा श्लोकांक हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहिलेला असला तर तो वाचकासाठी. ओळीत राहून गेलेले अक्षर समासात लिहून त्याची जागा दाखविणारे काकपद हे वाचकासाठीही असते व नकलनवीसासाठीही. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला की ते अक्षर नाहीसे झाले असे समजावयाचे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार ह्याच व्यवहारातून आपल्या भाषेत आला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोथीतील खूण मजकुराच्या शेजारी, त्याच कागदावर, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी असे. ती काढून टाकून मजकूर वाचण्याची वेळ कोणावर येत नसे.

मोडी पत्रात तर खुणांची काटकसर पराकोटीस गेलेली दिसते. लेखक आधी आडवी रेघ ओढून घेतो व तिच्या खाली अक्षरे लोंबत ठेवीत जातो. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. असे असूनही पत्राची रचना सराईत वाचकास क्षणात उमजते, कारण ती चिन्हांनी दाखविलेली नसून ठरीव शब्दांनी व जागेने दाखविलेली असते. माथ्यावर मधोमध ‘श्री’; मग ‘राजमान्य राजश्री’ इत्यादी मायना; ‘विनंती उपरी’ आले की मुख्य मजकूर सुरू झाला; ‘बहुत काय लिहिणे’ आले की तो संपत आला; ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सूद’ आले की त्यानंतर कोणी भर घातल्यास ती लबाडी समजावी. हे शब्द अर्थासाठी थोडे व रचनेसाठी अधिक होते. परंपरेने हेमाद्रीच्या नावाशी जोडलेली मेस्तके ही असेच लेखनाचे नियम सांगणारी आहेत. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘विनंती उपरी’ ही साध्या मजकुरात साध्या अक्षरांनीच केलेली खूण होय.

ह्या काटकसरीची किंमतही होती. एकच चिन्ह अनेक कामांस जुंपले जाई. दुहेरी दंड घ्या. ओवीच्या शेवटी तो समाप्ती दाखवितो. ‘मौ॥’ असे लिहिले की तो ‘मौजे’ ह्या शब्दाचा संक्षेप दाखवितो. आणि हिशेबाच्या वहीत तोच दंड अर्धा होतो : ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये, अर्ध्याचे आठ आणे आणि दोन आडव्या रेघांचे दोन आणे, एकूण पाच रुपये दहा आणे. वाचक संदर्भाने भेद करतो व त्याला त्याचे कष्टही वाटत नाहीत. यंत्रास संदर्भ कळत नाही. त्यास नियम सांगावा लागतो. पुढे येणाऱ्या सर्व अडचणींचे बीज येथे आहे.

छपाईने चिन्हे वाढविली. मेजर टॉमस कँडी ह्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली निघाली व पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठी गद्यात स्थिरावू लागली. ज्या भाषेने शतकानुशतके शब्द तोडल्यावाचून कारभार केला तिला अर्धविरामाची गरज पटावयास काही काळ लागला असल्यास नवल नाही. त्याचबरोबर छापखान्यात दुसऱ्या जातीच्या, म्हणजे कारागिरासाठीच्या, खुणांचा स्वतंत्र व्यवहार सुरू झाला. संपादक हस्तलिखितावर खुणा करी, जुळारी त्या पाळी, आणि छापील पानावर त्यांचा मागमूस राहत नसे. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला तेव्हा मोडी कागदाचे बाळबोधीत रूपांतर होऊन ते वाचकांच्या हाती पडले. परंतु छापील पानावरून मूळ कागदावरील रेघ कोठे मोडली हे सांगता येणे कठीण. खूण ज्याच्यासाठी केली त्याचे काम झाले की ती टाकून द्यावयाची, ही छापखान्याची शिस्त होती.

टंकलेखनयंत्राने तिसरीच वाट काढली. यंत्रावर ठळक किंवा तिरपे अक्षर नसल्यामुळे टंकलेखक मागे सरकून शब्दाखाली रेघ मारी. ही रेघ वाचकास ‘येथे लक्ष द्या’ असे सांगे व जुळाऱ्यास ‘येथे तिरपा टाइप लावा’ असे सांगे. एकाच खुणेत दोन्ही जाती एकत्र आल्या. मात्र देवनागरीस ही रेघ कधीच मानवली नाही. ती उकार व ऋकार कापीत जाते, आणि शिरोरेखा वर असताना खाली दुसरी रेघ आली की शब्द पिंजऱ्यात घातल्यासारखा दिसतो. तिरपा टाइप हाही आपल्या लिपीच्या परंपरेतला नव्हे.

संगणकावरील खुणांचा इतिहास ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९६४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जेरोम सॉल्ट्झर ह्यांनी ‘रनऑफ’ नावाची प्रणाली केली. तीत ओळीच्या आरंभी टिंब देऊन आज्ञा लिहावयाची. १९६९ पासून आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांचे सहकारी ह्यांनी ‘हा भाग कसा दिसावा’ ह्याऐवजी ‘हा भाग काय आहे’ हे सांगणाऱ्या खुणांची पद्धत विकसित केली. तिचीच परिणती पुढे १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात झाली. १९७८ च्या सुमारास डोनाल्ड क्नूथ ह्यांचे टेक आले, आणि १९९१ साली फ्रान्स व्हेल्टहाउस ह्यांनी टेकवर देवनागरी आणली. त्यांच्या पद्धतीत मराठी मजकूर रोमन अक्षरांनी लिहून यंत्राकडून देवनागरी करवून घ्यावी लागे. अक्षरही खुणेनेच लिहावयाचे, अशी ती अवस्था होती. ह्या सर्व पद्धती समर्थ खऱ्या. परंतु त्यांचा कच्चा मजकूर जुळाऱ्यासाठी होता, वाचकासाठी नव्हता.

‘हलक्या’ खुणापद्धती ह्याच्या प्रतिक्रियेतून निघाल्या. पत्रव्यवहार साध्या अक्षरांत करणाऱ्या लोकांनी शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारका ठेवून जोर दाखविण्याचा, मथळ्याखाली रेघांची ओळ टाकण्याचा प्रघात आपसूकच पाडला होता. १९९२ साली इयान फेल्डमन ह्यांच्या ‘सेटेक्स्ट’ने ह्या प्रघातास नियमाचे रूप दिले. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांच्या विकीने १९९५ साली दुसरी पद्धत रूढ केली. २००४ साली जॉन ग्रूबर ह्यांनी ‘मार्कडाउन’ प्रसिद्ध केले. ॲरन स्वार्ट्झ ह्यांचा त्यात सहभाग होता. मार्कडाउनची प्रतिज्ञा एवढीच की, यंत्रातून न काढलेला कच्चा मजकूरही माणसास सुखाने वाचता यावा. ओळीच्या आरंभी # म्हणजे मथळा, दोन तारकांत शब्द म्हणजे जोर, कोरी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. पोथीतल्याप्रमाणे खूण पुन्हा मजकुराशेजारी येऊन बसली. ही प्रतिज्ञा इतिहासाच्या विद्यार्थ्यास मोलाची वाटावी, कारण प्रणाली नष्ट झाली तरी मजकूर व खुणा दोन्ही शिल्लक राहतात. ग्रूबर ह्यांच्या मूळ वर्णनात पुष्कळ संदिग्ध जागा होत्या. २०१४ साली जॉन मॅकफार्लेन प्रभृतींनी ‘कॉमनमार्क’ ह्या नावाने काटेकोर नियम प्रसिद्ध केले. पुढील विवेचन त्या नियमांस धरून आहे.

तथापि हे प्रघात इंग्रजी पत्रव्यवहारातून उचललेले आहेत, आणि इंग्रजी शब्दाची ठेवण त्यांच्या पोटात दडलेली आहे. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामापासून सुटे व नामाच्या आधी येते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामास चिकटतात. ग्रंथनामास जोर देण्यासाठी _ज्ञानेश्वरी_ असे लिहिले तर नियम चालतो. पण _ज्ञानेश्वरी_मध्ये असे लिहिताच मोडतो, कारण अधोरेषेनंतर लागलीच अक्षर आले तर ती बंद करणारी खूण मानावयाची नाही, असा नियम आहे. तो का केला हे उघड आहे : संगणकीय नावांत शब्द अधोरेषेने जोडण्याची चाल आहे, त्यांना धक्का लागू नये म्हणून. आपल्या प्रत्ययांचा विचार त्यावेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तारका वापरल्यास ही अडचण येत नाही. परंतु तारकेच्या आत अवतरणचिन्ह असले, म्हणजे *‘ज्ञानेश्वरी’*मध्ये असे लिहिले, तर तारकाही हरते. आत विरामचिन्ह व बाहेर अक्षर अशी स्थिती आली की ती तारका बंद करणारी धरली जात नाही. वाचकाने हे दोन्ही प्रयोग स्वतः करून पाहावेत. मराठी लेखक आपल्या प्रणालीत दोष शोधीत बसतो, आणि दोष असतो प्रत्ययाच्या जागेचा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या खुणापद्धतीत हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. दुसऱ्या लेखाचा दुवा दुहेरी चौकटी कंसांत लेखनाम घालून द्यावयाचा असतो. इंग्रजी लेखकास नाव जसेच्या तसे कंसात टाकून पुढे जाता येते. मराठीत ‘राजुरा’ हे नाव वाक्यात आले की ‘राजुऱ्यास’, ‘राजुऱ्यात’ असे सामान्यरूप घेते. म्हणून [[राजुरा|राजुऱ्यास]] असे दोनदा लिहिणे प्राप्त होते. दामल्यांच्या व्याकरणातला सामान्यरूपविचार असा संगणकाच्या कंसात येऊन उभा राहतो. मधली उभी रेघ हा आणखी एक सापळा आहे. अनेक टंकलेखक दंडाऐवजी कळफलकावरील उभी रेघच वापरतात. डोळ्यास दोन्ही सारख्याच. पण विकीच्या साच्यात ओवी उतरताना ती रेघ ‘येथे पुढचा रकाना सुरू झाला’ असा अर्थ घेते व ओवीचा उत्तरार्ध गडप होतो.

आता कागदपत्रांच्या नकलेकडे वळू. पत्राच्या माथ्यावरील ‘श्री’ मध्यभागी दिसावा म्हणून नकलनवीस त्यापूर्वी आठदहा मोकळ्या जागा सोडतो. मार्कडाउनमध्ये चार किंवा अधिक जागा सोडून सुरू झालेली ओळ ही संगणकाची आज्ञावली मानली जाते. ‘श्री’ यंत्रलिपीच्या चौकटीत जाऊन बसतो. ओव्यांच्या किंवा हिशेबाच्या लागोपाठच्या ओळी एकत्र होऊन त्यांचा सलग परिच्छेद बनतो. ओळ राखावयाची तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्या मोकळ्या जागा कागदावर दिसत नाहीत हे ह्या पद्धतीच्या मूळ प्रतिज्ञेशी विसंगतच म्हणावे लागेल. जमाखर्चाच्या शेवटी बेरजेपूर्वी आडव्या रेघांची ओळ टाकली तर रेघेवरचा सगळा परिच्छेद मथळा बनतो.

अंकांची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. ओळीच्या आरंभी अंक व टिंब आले की क्रमवार यादी सुरू झाली असे मार्कडाउन समजते, परंतु अंक इंग्रजीच असले पाहिजेत. ‘१.’ ‘२.’ अशी देवनागरी यादी त्यास यादी वाटत नाही. ही उपेक्षाच कधी उपकारक ठरते. चांदा जिल्ह्याचा ल्यूसी स्मिथकृत जमाबंदी अहवाल १८६९ चा. एखाद्या टिपणाचा आरंभ ‘१८६९.’ असा केला तर मराठीत तो साल म्हणूनच राहतो. तेच इंग्रजी अंकांत लिहिले तर यंत्र ते एक हजार आठशे एकोणसत्तराव्या कलमापासून सुरू होणारी यादी समजते. आपला दुहेरी दंडही असाच सुरक्षित आहे. त्यास मार्कडाउनमध्ये कोणताच अर्थ नाही, म्हणून ‘५॥’ पर्यंतचा आकडा निर्धोक उतरतो.

सर्वांत घातक प्रसंग कंसांचा. शिलालेख व पपायरस संपादणाऱ्या युरोपीय विद्वानांनी १९३१ साली लायडन येथे एक संकेत ठरविला : मूळातले नष्ट अक्षर संपादकाने भरले तर ते चौकटी कंसात, संक्षेप उलगडला तर उलगडलेला भाग गोल कंसात. मोडी कागदांस हा संकेत चांगला लागू पडतो. कागद फाटून ‘मौ’ गेले आहे, ते संपादकाने भरले व संक्षेपही उलगडला, तर तो लिहील : [मौ](जे). आता मार्कडाउनमध्ये चौकटी कंसास लागून गोल कंस आला की त्याचा अर्थ दुवा. ‘मौ’ हे अक्षर दुवा म्हणून रंगीत दिसते आणि ‘जे’ हे पत्ता समजले जाऊन वाचकाच्या दृष्टीआड होते. कोणताही दोष दाखविला जात नाही. संपादकाने काळजीपूर्वक नोंदविलेली माहिती छापताना निमूटपणे गळते. हरताळाखालचे अक्षर निदान पुसट दिसते तरी. इलाज साधा आहे, प्रत्येक चौकटी कंसापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी. पण तो ठाऊक असला पाहिजे. ग्रीक पपायरसांच्या संपादकांनी ह्यावर अधिक मूलगामी तोड काढली : लायडन संकेतासच यंत्रास कळेल असे नियमबद्ध रूप देऊन ‘लायडन-प्लस’ ही स्वतःची हलकी खुणापद्धत बनविली. दुसऱ्याचा प्रघात आपल्या कागदावर लादण्याऐवजी आपल्या विद्याशाखेचा प्रघातच त्यांनी खूण म्हणून मान्य करविला. मोडीच्या बाबतीत असे करण्यास आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. २०१४ पासून मोडीस युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे, आणि संक्षेपचिन्हासारख्या तिच्या स्वतःच्या खुणांसही तेथे क्रमांक दिलेला आहे.

तोपर्यंत कोरपना-राजुऱ्याकडील कागद उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी नक्कल युनिकोडमधील साध्या मजकुरात करावी, जोर दाखविण्यास केवळ तारका वापराव्यात, प्रत्यय तारकेबाहेर ठेवावा पण अवतरणचिन्ह तारकेच्या आत घेऊ नये, मूळ कागदाची प्रत्येक ओळ उलट्या तिरक्या रेघेने संपवावी, आणि कोणत्या खुणेचा कोणता अर्थ धरला आहे ते फाइलीच्या आरंभीच मराठीत लिहून ठेवावे, असे आम्हांस वाटते. हे शेवटचे कलम यंत्रासाठी नव्हे. मार्कडाउनही कधीतरी जाईल, आणि तेव्हा फाइल उघडणाऱ्यास मेस्तक हाताशी लागेल.

ह्याच मुलखातील एका लिपीचे उदाहरण येथे दिले पाहिजे. आदिलाबादकडील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीस २०१८ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. तत्पूर्वी २०१७ साली मंगलसिंग मसराम ह्यांनी १९१८ मध्ये रचलेली दुसरी गोंडी लिपी तेथे आली होती. ह्या दोन्ही लिप्यांस त्यांचे अंकही मिळाले आहेत. गुंजाळा लिपीतील हस्तलिखिताची नक्कल करून त्यातील कलमांस त्याच लिपीचे अंक दिले, तर मार्कडाउन त्यांना यादी मानणार नाही, जसे ते आपल्या ‘१.’ ला मानीत नाही.